बाळंतपणाला गेले आणि शहर पाहून आले

आमच्या गल्लीतल्या एक बाई परवा वही-पेन घेऊनच आल्या. त्यांच्या मुलाला फिलाडेल्फियात नोकरी लागली आहे, सून अवघडलेली आहे, आणि गल्लीत ते शहर पाहिलेली मी एकटीच. "मावशी, काय काय बघण्यासारखं आहे ते सांगा, लिहून घेते," म्हणाल्या. मी घंटा सांगितली, बाजार सांगितला, नदी सांगितली. त्यांनी आकडे घालून लिहून घेतलं. सगळं काही मी त्यांना सांगितलं नाही. ते इथे लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. चुका निघतील, निघू देत.

मी त्या शहरात सात आठवडे राहिले. त्यातले जवळजवळ सहा आठवडे रोज सकाळी नऊ ते दुपारी चार घराबाहेर काढले. तिथले लोकही आपलं शहर एवढं बघत नसतील. हौसेने नाही बघितलं. लेकीने घराबाहेर काढलं म्हणून बघितलं.

नवरा लवकर गेला. त्यानंतर मी बाळंतिणींना तेल लावायची आणि बाळांना न्हाऊ घालायची कामं धरली. पंचवीस वर्षं तेच केलं. गावात कोणाची लेक माहेरी आली की मला निरोप यायचा. शेक, धुरी, पोट बांधणं, सगळं माझ्या हातचं. त्यावरच लेक शिकली, इंजिनियर झाली, लग्न करून अमेरिकेला गेली. परक्यांच्या किती लेकी मी उभ्या केल्या ते मोजलं नाही. माझ्या लेकीचं तेवढं राहिलं होतं.

तिचे दिवस भरत आले तसे मी लाडू केले. डिंक, खारीक, खोबरं, मेथी, आळीव, शतावरी. साठ लाडू झाले. पत्र्याच्या डब्यात भरले, डब्याला कापड शिवलं. विमानतळावरच्या साहेबाने कापड उसवून डबा उघडला, एका लाडवाचा वास घेतला आणि तोंड वाकडं करून झाकण लावलं. मी मनात म्हटलं, सुटले.

जावई घ्यायला आले होते. ते नागपूरकडचे, बोलायला गोड. सामान गाडीत ठेवलं, गाडीत बसलो, पण ते गाडी सुरू करेनात.

"आई, घरी जायच्या आधी एक सांगायचंय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं. ही कामं केलेल्या बाईला ते तोंड ओळखता येतं.

"कधी?"

"बारा दिवस झाले. पोटातच गेलं."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"आणि मला आज सांगता?"

"तुम्ही एकट्या येणार होतात. वाटेत काही झालं असतं तर..."

"विमान मी चालवणार नव्हते," मी म्हटलं.

लेक खिडकीशी उभी होती. अकरावा मजला, खाली नदी. "प्रवास बरा झाला ना?" असं तिने विचारलं, शेजारणीला विचारावं तसं. रडायचं तर दोघींनी तेव्हाच रडायला हवं होतं. मी विचारलं, "पोट बांधलंस का?"

"आई, बाळ नाहीये. कळलंय ना तुला?"

"कळलंय. पण तू बाळंत झाली आहेस. मूल राहिलं काय, गेलं काय, हाडं तेवढीच ढिली होतात."

हे मी आजही म्हणेन. हे खरंच आहे. तिलाही पटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तिने तेल लावू दिलं. पाठ, कंबर, पोटऱ्या. ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि मी हात चालवायची. एकदा तिला माझ्या हाताखाली झोप लागली. जावई म्हणाले, "आई, ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा दिवसा झोपली." मला वाटलं, आता ही उभी राहील.

मग मी लाडवांचा डबा काढला.

आता हे नीट लिहायला हवं. ज्या बाईचं मूल गेलं तिला आळीव देऊ नये, शतावरी देऊ नये, तिला साधा मूगभात घालावा, हे मी गावातल्या कितीतरी घरांत बजावून सांगितलेलं आहे. एका सासूशी तर मी त्यावरून भांडले होते. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते साठ लाडू मी वळले होते, आणि एवढ्या लांब आणले होते. टाकवेनात. दूध आटलंय असं लेक स्वतःच म्हणाली होती. मी मनाशी म्हटलं, आता काय होतंय, कमरेला बळ तरी येईल. सकाळी एक, संध्याकाळी एक. ती नको म्हणायची, मी समोर बसून खायला लावायची.

सहाव्या दिवशी सकाळी ती चहा घ्यायला आली. अंगात नवऱ्याचा करडा शर्ट. शर्टावर छातीशी दोन ओले डाग होते. तिने खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. रडली नाही. ओट्यावरून डबा उचलून तिने माझ्यासमोर ठेवला.

"यात काय काय आहे?"

मी सांगितलं. डिंक, खारीक, खोबरं, मेथी, आळीव, शतावरी.

"आळीव कशासाठी असतात?"

"कमरेसाठी."

"आई."

"दुधासाठी," मी म्हटलं.

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. जावयांनी हॉस्पिटलला फोन लावला. तिथली नर्स म्हणाली, खाण्याचा काही संबंध नसतो, असं कधीकधी होतं. जावयांनी ते मला दोनदा सांगितलं. त्यांचा हेतू चांगला होता. पण मी पंचवीस वर्षं काय केलं होतं? दुपारी फ्रिजमध्ये कोबीची पानं सुटी करून ठेवलेली दिसली. मी भाजीला चिरायला घेतली तर ते धावत आले. "आई, ती भाजीची नाहीत. नर्सने सांगितलंय, गार पान छातीवर ठेवायचं, म्हणजे दूध आटतं." मी पानं परत ठेवली. त्या घरात आता माझ्यापेक्षा कोबीला जास्त कळत होतं.

दुसऱ्या दिवशी लेक जेवणाच्या टेबलाशी उभ्याउभ्याच म्हणाली, "दिवसा मला घरात कोणी नको. मी तुझी केस नाहीये, आई. मला नको शेक, नको तेल. प्लीज."

"मग मी कुठे जाऊ?"

"एवढं हिस्टॉरिक शहर आहे. लोक लांबून बघायला येतात. बघ."

जावयांनी इमारतीच्या खालच्या काउंटरवरून एक घडीचा नकाशा आणला. त्यावर पेनाने गोल केले: घर, घंटा, बाजार, चर्च. ऑफिसला जाताना ते मला चौकात सोडायचे आणि संध्याकाळी माझी नजर चुकवायचे. चारच्या आत यायचं नाही, असं कोणी म्हटलं नव्हतं. पण एकदा मी तीनला आले तेव्हा लेक सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. मला बघताच ती उठून आत गेली. त्यानंतर मी चारच धरले.

तर ते शहर. पहिली घंटा. ती फुटलेली आहे. आपल्याकडे फुटकी घंटा वितळवून नवी ओततात, तिथे ती काचेच्या घरात ठेवली आहे आणि लोक रांग लावून तिच्या भेगेसमोर फोटो काढतात. आत ऊब असते आणि बसायला मिळतं, हे महत्त्वाचं. दारात पिशव्या तपासतात. तिथे एक आडव्या बांध्याची काळी बाई होती. माझा डबा ती रोज उघडायला लावायची. पोळी, भाजी, लोणचं. पहिल्या दिवशी तिने लोणच्याला नाक मुरडलं. आठव्या दिवशी नुसता हात हलवला आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग, ममा." मी तिच्याहून फार तर दहा वर्षांनी मोठी असेन. त्या दिवसांत दिवसाउजेडी माझ्याशी बोललेलं तेवढंच एक माणूस.

बाजार मोठा आहे, छपराखाली. काळे झगे आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका तिथे पीठ मळतात. चांगलं मळतात, मनगट लावून. मी त्यांच्यासमोर तासतासभर उभी राहायची. एकीने मला गरम तुकडा दिला. पैसे विचारले तर नको म्हणाली. भिकारीण समजली असेल. मी खाल्ला.

नदीवर मार्चमध्ये जाऊ नये. वारा कान कापतो. जुन्या विटांच्या घरांची एक अरुंद गल्ली आहे, लोक तिचं फार कौतुक करतात. तिथे बाक नाही. संडास बाजारात आहे आणि घंटेजवळ आहे, बाकी कुठे विचारू नये, काही विकत घे म्हणतात.

मला जास्त बरं वाटायचं ते एका जुन्या चर्चच्या आवारात. थडगी आहेत, मोठी झाडं आहेत, बाक आहे, आणि कोणी उठवत नाही. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. दगडावर दोन सालं कोरलेली असतात, जन्माचं आणि मरणाचं. मी मनात वजाबाकी करायची. सत्तर. बावन्न. एकोणीस. कुंपणाशी बुटके दगड होते. त्यांवरची दोन्ही सालं एकच.

दरम्यान लाडू संपले. जावयांनी डबा ऑफिसात नेला. तिथे आपली पुण्या-मुंबईची मुलं खूप. डबा रिकामा परत आला. ते बोलून गेले, "सगळे म्हणाले, यार, काकूंना सांग अजून करायला." मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. लेक ताटाकडे बघत राहिली. मी डबा घासून उन्हात ठेवला.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी पाऊस लागला. पाऊसही नाही, बर्फही नाही, तोंडाला टोचणारं काहीतरी. मी त्या आवारातच झाडाखाली उभी होते. आणि बघते तर फाटकातून लेक येत होती. हातात छत्री, आणि माझी लोकरीची टोपी. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा एकटी बाहेर पडली होती, आणि माझ्यासाठी.

"घंटेकडे बघितलं, बाजारात बघितलं," ती धापा टाकत म्हणाली. "इथे काय करतेस?"

"वाचते."

"तुला इंग्लिश कुठे येतं?"

"आकडे येतात."

तिने टोपी माझ्या डोक्यात घातली, कानांवर ओढली. तिचे हात गार होते. तेव्हा मी गप्प राहायला हवं होतं. दोघींनी घरी जायचं, चहा करायचा, एवढंच होतं. पण मी तिला कुंपणाशी असलेला एक बुटका दगड दाखवला. ती बघत राहिली.

"मी तिला दोन तास मांडीवर घेतलं होतं," ती म्हणाली. "केस होते तिला."

मला वाटलं, आता द्यावं. माझ्याजवळ होतं ते द्यावं.

"तुझ्या आधी मलाही एक झाली होती," मी म्हटलं. "आठव्यातच. मला दाखवलीसुद्धा नाही. सुईण फडक्यात गुंडाळून घेऊन गेली. पाचव्या दिवशी मी विहिरीवर पाणी भरत होते. चोळी भिजायची. तुझी आजी म्हणायची, पदर दुहेरी घे, लोक बघतात."

तिने हे कधी ऐकलं नव्हतं. मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"तुला कोणी लाडू दिले होते?"

"मला कोण देणार!"

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली. "फक्त ऐकून नाही. तुझी चोळी भिजली होती. तरी तू मला समोर बसून खायला घातलंस."

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मीही काही बोलले असते. तिने छत्री माझ्या हातात दिली आणि पुढे चालू लागली. घरापर्यंत ती दहा पावलं पुढे आणि मी मागे. रस्ता ओलांडताना मात्र थांबायची, मी येईपर्यंत.

तिकीट सहा महिन्यांचं होतं. ते तिनेच बदलून घेतलं. उरलेले दोन आठवडे मी नऊला बाहेर पडत होते आणि चारला येत होते. शेवटच्या दिवशी घंटेजवळच्या बाईला हाताने विमान करून दाखवलं. तिने मला मिठी मारली. विमानतळावर लेकीने नमस्कार केला.

याला चार वर्षं झाली. रविवारी फोन येतो. थंडी किती, पाऊस किती, माझे गुडघे कसे आहेत. मूल अजून नाही. झालं तर मला कळेल, पण बोलावणं येणार नाही, आणि ते बरोबरच आहे. मी आल्यापासून तेल लावायची कामं सोडली. लोकांना गुडघ्यांचं कारण सांगते.

वहीवाल्या बाई जायला उठल्या तेव्हा दारातून वळून म्हणाल्या, "आणि मावशी, डिंकाचे लाडू किती नेऊ?"

"लाडू नेऊ नका," मी म्हटलं. "साहित्य न्या. आळीव वेगळे बांधा, डिंक वेगळा. तिथे पोचा, सुनेला बघा, मग काय करायचं ते करा."

त्यांनी दारातच वही उघडली आणि घंटा, बाजार, नदीच्या खाली तेही लिहून घेतलं.