बावीस इंचांची फळी

गाडीतल्या स्पीकरसाठी लाकडी बॉक्स करून देणाऱ्या बॉक्सवाल्याकडे कुणी गाडी घेऊन आलं की तो आधी बॉक्सचं बोलायचाच नाही. "गाडीत कोण कोण बसतं?" हा त्याचा पहिला प्रश्न. "डिकीत सामान किती असतं?" हा दुसरा. आणि मग, "गाणी कसली ऐकता?" गिऱ्हाईक वैतागायचं. नवाकोरा वूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, काखेत मारून आलेल्या माणसाला दणका हवा असतो, त्याला या चौकशा कशाला? पण बॉक्सवाला उत्तरं ऐकूनच ठरवायचा. ठोका सुटा सुटा, स्वच्छ ऐकायचा असेल तर चहूबाजूंनी बंद बॉक्स. तो जागाही कमी खातो. पोटात घुमणारा, काचा थरथरवणारा बेस हवा असेल तर पोर्टवाला, म्हणजे ज्याच्या अंगात हवेला आत-बाहेर करायला एक बोळ ठेवलेला असतो असा.

हे सगळं तो बोलायचा तज्ज्ञासारखं, पण त्यातलं निम्मं ज्ञान त्याचं नव्हतं. ते त्याच्या धाकट्या भावाचं होतं.

बॉक्सवाला मूळचा सुतार. टायरच्या दुकानामागच्या गल्लीत दोन शटरचा त्याचा कारखाना. वडील लवकर गेले, तेव्हा धाकटा दहा वर्षांचा आणि हा एकोणीस. याने कपाटं, पलंग, दारं करून धाकट्याला शिकवलं, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायला लावला. धाकटा शिकून आला तो डोक्यात गाड्यांचे स्पीकर घेऊनच. "दादा, कपाटाला चौकोन लागतो, पण बॉक्सला गणित लागतं," असं म्हणत त्याने एक जाड वही उघडली. वूफर केवढा, त्याला हवा किती लागते, बोळ किती रुंद आणि किती लांब, सगळं तो पेन्सिलीने मांडायचा. दादा कापायचा, जोडायचा, सांध्यांत गोंद भरायचा, वरून कापड ताणून बसवायचा. दोघांचं नाव झालं. लांबलांबून गाड्या यायला लागल्या.

आणि नाव झालं तसं दादाच्या मनात काहीतरी कुरतडायला लागलं. लोक गाडीतून उतरले की विचारायचे, "ते आकडेवाले आहेत का?" दादा समोर रंधा घेऊन उभा असायचा, अंगभर भुसा, आणि लोक त्याच्या खांद्यावरून आत बघायचे. आपणच बोट धरून शाळेत नेलेलं पोर, आणि आता ते आपल्याला सांगतं की फळी पाव इंच जास्त झाली. बोलून दाखवण्यासारखं काही नव्हतं. दादाने ते गिळलं, पण पचलं नाही.

अशात दाताचे डॉक्टर आले. माणूस हसरा, गाण्याचा वेडा. त्यांनी परदेशातून एक वूफर मागवला होता, चार महिने वाट बघून. आवाजाच्या स्पर्धेत उतरायचं त्यांनी ठरवलं होतं. दादा म्हणाला, बंद बॉक्स करू, बिनघोर. धाकट्याने मान हलवली. "स्पर्धेत अगदी खालचे सूर वाजवतात. पोर्ट लागणारच." डॉक्टरांनी धाकट्याच्या बाजूने कौल दिला. दादा "बरं" म्हणाला आणि करवतीकडे वळला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी बॉक्सचं सगळं झालं होतं, फक्त आतला बोळ करणारी फळी राहिली होती. वहीत स्पष्ट लिहिलं होतं: बावीस इंच. दादाने प्लायचा उरलेला तुकडा मापला, सोळा भरला. लाकडाची वखार त्या दिवशी बंद. धाकटा डॉक्टरांच्या गाडीत वायर टाकायला गेलेला. वखारवाल्याचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. हाक मारली असती तर त्याने कुलूप काढलं असतं. पण दादा गेला नाही. सहा इंचांनी काय आभाळ कोसळणार आहे, असं तो स्वतःशी म्हणाला. मनाच्या तळाशी आणखीही काही होतं, ते त्याने तेव्हा वर येऊ दिलं नाही. सोळाची फळी बसवली, वरून झाकण ठोकलं, कापड चढवलं. बाहेरून बॉक्स देखणा दिसत होता.

स्पर्धा एका प्रदर्शनाच्या मैदानात होती. डॉक्टरांची गाडी पाचवी. आवाज मोजायचं यंत्र समोरच्या काचेशी लावलेलं. सूर एकेक पायरी खाली उतरत गेला. पहिल्या तिन्ही सुरांना लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या सुराला वूफरचा पडदा वेड्यासारखा पुढेमागे फडफडला, फाटकन आवाज झाला, मग खरखर, आणि डिकीतून जळक्या वार्निशचा वास आला.

डॉक्टर धावत मागे आले. "अहो, काय झालं हे?"

पंधरावीस माणसं जमली होती. सगळ्यांनी दोघा भावांकडे पाहिलं. आणि दादाच्या तोंडून निघून गेलं, "मी म्हणत होतो बंद बॉक्स करू. पण आकडे याचे."

धाकट्याचा चेहरा उतरला. त्याने खिशातून कागद काढला आणि तिथेच, लोकांच्या घोळक्यात, पुन्हा बेरजा करायला लागला. डॉक्टरांनी फाटलेल्या पडद्यावरून बोट फिरवलं आणि डिकी लावून घेतली.

संध्याकाळी बॉक्स गाडीतून काढून कारखान्यात आणून ठेवला. घरी जेवताना धाकटा तेच विचारत होता. "दादा, मी कुठं चुकलो? उद्या बॉक्स उघडून बघूया."

"जाऊ दे रे. होतं असं कधीकधी," दादा म्हणाला. मोठ्या मनाने माफ केल्यासारखं. दुसऱ्या दिवशी धाकटा कारखान्यात पोचायच्या आत त्याने बॉक्स फोडला आणि फळ्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. "डोळ्यांसमोर नको म्हटलं," असं सांगितलं. धाकट्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून दादाने केलं, असं त्याला वाटलं.

नंतर धाकट्याची पेन्सिल अडखळायला लागली. एकच हिशोब तो तीनदा करायचा आणि चौथ्यांदा दादाला विचारायचा, "बघ ना, बरोबर आहे का?" दादाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो वहीकडे बघायचा आणि "ठीक वाटतंय" म्हणायचा. गिऱ्हाईक समोर असताना धाकटा गप्प बसायला लागला. स्पर्धेनंतरच्या आठव्या महिन्यात त्याने शाळेच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी धरली. "ठरलेला रस्ता, ठरलेल्या वेळा. डोकं शांत राहतं," तो म्हणाला. दादाने एकदा म्हणायचं म्हणून "थांब" म्हटलं. खरं सांगितलं असतं तर तो थांबला असता.

त्यानंतर दादाने फक्त बंद बॉक्स केले. पोर्टवाला मागायला कुणी आलं की "ते काम इथं होत नाही" म्हणून सांगायचा. अशी अकरा वर्षं गेली. भाऊ एकमेकांकडे जात-येत होते, नात्यातली लग्नं-बारशी झाली, दुरावा म्हणावा असं काही नव्हतं.

मग एक दिवस धाकटा कारखान्यात आला. मुलगी आठवीत गेली होती, तिला पुस्तकांसाठी भिंतीवर मांडणी हवी होती.

"माप घेऊन आलायस ना?" दादाने विचारलं.

"छे! तूच ये आणि घे. माझ्या मापावर भरवसा ठेवून एकदा एका माणसाचा वूफर फाटलाय," असं म्हणून धाकटा हसला. अगदी मोकळं हसला. "आता घरात खिळा ठोकायचा तरी मी बायकोला विचारतो."

दादाच्या हातातली पट्टी तशीच राहिली.

त्या संध्याकाळी त्याने आधी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मला का सांगताय? माझी फळी कापलीत का तुम्ही?"

मांडणी त्याने सागवानाची केली, जरुरीपेक्षा दुप्पट पॉलिश मारलं. ती बसवून झाल्यावर पुतणी पुस्तकं लावत बसली आणि दोघे भाऊ स्वयंपाकघरात चहा घेत होते. तेव्हा दादा म्हणाला, "डॉक्टरांचा तो बॉक्स. तुझे आकडे बरोबर होते. फळी मी कमी कापली."

धाकट्याने कप खाली ठेवला. "किती?"

"सोळा."

मनात आकडे मांडताना धाकट्याचे ओठ किंचित हलले. "म्हणजे बत्तीस हर्ट्झच्या सुरावर बसवलेला बॉक्स सदतिसाच्या आसपास गेला. त्याच्या खालचा सूर आला की पडद्याला हवेचा आधार उरत नाही. फाटणारच." अकरा वर्षांत पेन्सिल न धरलेला माणूस, पण गणित अजून जिभेवर होतं. दादाला ते ऐकवेना.

"वखार बंद होती," दादा म्हणाला, आणि हे कारण किती पोकळ आहे ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. "नाही. मला जायचंच नव्हतं. तुझं चुकलं तर बरं, असं कुठंतरी वाटत होतं."

"फळी चुकली त्याचं काही नाही, दादा. माझ्याही हातून चुकली असती." धाकट्याचा आवाज चढला नाही. "पण मी तुला रोज विचारत होतो. वही घेऊन तुझ्यासमोर उभा राहायचो. तेव्हा एकदा तरी बोलायचंस." मग म्हणाला, "मला वाटलं होतं माझ्यातच खोट आहे. पोरीचा अभ्याससुद्धा मी घेत नाही. चुकीचं शिकवीन म्हणून."

बाहेरच्या खोलीतून पुतणी हाक मारत होती, वरच्या फळीपर्यंत तिचा हात पोचत नव्हता. धाकटा उठून गेला.

पुढच्या आठवड्यात दादा डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर आता थकले होते, दवाखाना मुलगा बघायचा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही दोघांपैकी कोण? आकडेवाले की सुतार?" त्यांना वूफर आठवत होता, स्पर्धा आठवत होती, चूक कुणाची, हे त्यांनी कधी मनावर घेतलंच नव्हतं. "मी तर नंतर आकडेवाल्यांना दोनदा निरोप पाठवला होता, दुसरा बॉक्स करून द्या म्हणून. ते आलेच नाहीत." दादा चालतच परत आला आणि आपली स्कूटर डॉक्टरांच्या दाराशीच राहिली हे त्याला कारखान्याशी आल्यावर आठवलं.

त्याने धाकट्याला परत बोलावून पाहिलं. दुसरं शटर तुझ्या नावानं उघडू, म्हणाला. धाकटा नाही म्हणाला. त्यात राग नव्हता. बसमधली पोरं त्याला ओळखतात, पुढच्या सीटसाठी भांडतात. त्याला ते सोडवत नाही. आणि खरं तर, तो म्हणाला, तो सगळा नाद आता कुठल्या कुठे गेला. फोन मात्र पूर्वीपेक्षा कमी करतो. सणासुदीला येतो, जेवतो, पण कारखान्यात पाय ठेवत नाही.

परवा एका गिऱ्हाइकाने पोर्टवाला बॉक्स मागितला. दादा "इथं होत नाही" म्हणणार होता. म्हणाला नाही. त्याने धाकट्याला फोन लावला आणि वूफरवरचं सगळं वाचून दाखवलं. पलीकडे बसचं इंजिन चालू होतं, पोरांचा गलका होता.

"दादा, हल्ली हे सगळं मोबाइलमध्ये निघतं," धाकटा म्हणाला. "कुणालाही विचार." मग घाईघाईने, "चल, माझा स्टॉप आला."

दादाने गिऱ्हाइकाला तीन दिवसांनी यायला सांगितलं, आकडे मोबाइलवरून काढून घेऊ म्हणाला, आणि वखारीतून अख्खी नवी प्लाय आणायला निघाला.