लेलेकाकांची गाडी झोपवताना

माझी आई आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक संडास धुवायची. आमच्या दोन खोल्यांत फिनेलचा वास कायम मुरलेला असे. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नसे, त्याचं कारण हा वासच आहे असं मी बरीच वर्षं समजत होते. आई एकच गोष्ट बजावायची, "शीक. आणि कुणाची घाण उचलायची नाही." मी शिकले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. इंजिनिअर झाले, इमारतींच्या पाण्याच्या लाइनी आखायच्या नोकरीवर इंग्लंडला आले, आणि लंडनच्या कडेला पिनरला लेलेकाकांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहिले.

लेलेकाका रिटायर्ड भूलतज्ज्ञ. आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलांत माणसं झोपवली, म्हणून आवाज कायम हळू. जेवायच्या आधी कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे. मला पहिल्या हिवाळ्यात फ्लू झाला तेव्हा रात्रंदिवस माझा ताप मोजला, सुनीताकाकूंनी मऊ भात वर आणून दिला. माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर मी सरळ खोली सोडली असती.

रिटायर झाल्यावर काकांनी एक मोटरहोम घेतली होती, आत गाद्या, फ्रिज, संडास असलेलं चाकांवरचं घरच. उन्हाळाभर दोघं तिच्यातून स्कॉटलंड फिरायची, आणि ऑक्टोबरात ती हिवाळ्यापुरती बंद करून घरापुढच्या ड्राइव्हवर उभी राहायची. मग काका म्हणायचे, "चला, पेशंटला झोपवू या." स्वतः फोल्डिंग खुर्चीवर बसायचे, मांडीवर चेकलिस्ट. "पाणी गोठलं की फुगतं, आणि फुगलं की नळी फोडतं. पेशंट रिकाम्या पोटी हवा. नेक्स्ट!"

नेक्स्ट म्हटलं की मी वाकायचे. पंप बंद, टाकी रिकामी, बॉयलर रिकामा. सगळे नळ उघडे, दांडा मध्यावर, म्हणजे गरम आणि थंड दोन्ही बाजूंचं पाणी उतरतं. शॉवर काढून झटकायचा. फ्रिजचं दार उघडं, गाद्या भिंतीपासून दूर. हे काम मला आवडायचं, ते माझंच काम होतं. काका कौतुकानं म्हणायचे, "पाण्याची डॉक्टर आहेस तू."

शेवटचा आयटम टॉयलेटचा डबा. गाडीच्या बाजूला बाहेरून एक छोटं दार असतं, त्यातून तो ओढून काढायचा, घरातल्या संडासात ओतायचा, धुवायचा. पहिल्या वर्षी या आयटमशी पोचताच काकांना फोन आला आणि काकूंनी माझ्या हातात रबरी मोजे ठेवले. "तुला काही वाटत नाही म्हणून हं. आम्हाला मेलं मळमळतं. आणि बाजूच्या दारानं ने, किचनमध्ये देव आहेत."

मी नेला. भात आठवला, ताप आठवला, आणि नेला. प्रवासभर त्या दोघांनी जे केलं ते माझ्या हातात डुचमळत होतं, निळ्या औषधात तरंगत होतं, आणि झाकण काढल्यावर जो भपका आला तो मी ओळखला. दुसऱ्या वर्षी पुन्हा या आयटमशीच काकांना फोन आला. मला किळस त्या डब्याची आली नाही, त्या फोनची आली.

तिसऱ्या वर्षी मी मोजे काकांच्या मांडीवर, चेकलिस्टवर ठेवले. "हा आयटम तुमचा, काका."

"अगं, पण तुला सवय आहे ना."

"कशावरून?"

"तूच सांगितलंस की. तुझ्या आईचं..."

सांगितलं होतं खरं. याच घरात, जेवणाच्या टेबलावर, अभिमानानं. त्यांनी ते असं ऐकलं होतं. मी वर निघून गेले. खिडकीतून पाहिलं, काकांनी पेनानं शेवटच्या आयटमवर बरोबरची खूण केली आणि गाडीवर कव्हर चढवलं. डबा काठोकाठ भरलेला, आतच. जानेवारीत गवत पांढरं कडक झालं, काचांवर बर्फ धरला. मी रोज त्या गाडीजवळून ऑफिसला जात होते. डब्याबद्दल एक शब्द बोलले नाही.

फेब्रुवारीत नातवंडं शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत यायची म्हणून कव्हर काढलं. डबा गोठून उभा फुटला होता आणि आता सगळं वितळलं होतं. कप्प्यातून गालिच्यावर, गालिच्यावरून पायरीवर. शेजारणीनं नाक दाबून खिडकी लावली. मी खाली आले तेव्हा काका पांढरेफटक उभे होते.

"कुणाला तरी बोलवावं का?"

"कुणाला, काका?"

मी फोल्डिंग खुर्ची उघडली, बसले आणि चेकलिस्ट मांडीवर घेतली. "मोजे घाला. नेक्स्ट."

काका गुडघ्यांवर बसले. डब्याचा पहिला तुकडा हातात आला तसे गुलाबाच्या वाफ्यात ओकले. तोंड पुसून परत बसले. काकू किचनच्या दारात पदर नाकाला लावून उभ्या होत्या. काकांनी गालिचा कापला, कप्पा चार पाण्यांनी धुतला. बादली उचलून ते चालू लागले ते आपोआप बाजूच्या दाराकडे. दाराशी थांबले.

"तुझी आई... रोज?"

"रोज. मोजे नव्हते."

ते बादली घेऊन आत गेले.

त्या वसंतात मी रीडिंग शहरात स्वतःचा फ्लॅट घेतला. निघताना काकांनी माझी बॅग टॅक्सीपर्यंत आणली, माफी मागितली नाही. मीही मागू दिली नसती.

ऑक्टोबरात काकांकडून फोनवर एक फोटो आला. नवा डबा, धुतलेला, उन्हात उभा करून ठेवलेला. खाली लिहिलं होतं, 'पेशंट झोपला. सर्व आयटम मी केले.' आई तेव्हा माझ्याकडे आली होती. तिनं फोटो बोटांनी मोठा केला, चष्मा सारखा करून नीट पाहिला.

"कुणी धुतलाय?"

"डॉक्टरांनी."

"झाकणाच्या कडेला राहिलंय. सांग त्यांना."

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा धुतला.