प्रतिमाताई आणि टोळधाड

भाजीवाला 'ताजी आहे' म्हणाला की प्रतिमाताई जुडी उलटी करून देठ बघतात. डॉक्टर 'काळजीचं काही नाही' म्हणाले की त्यांना काळजी लागते. जळगाव जामोदच्या एका पतसंस्थेत त्या सह्या जुळवायच्या कामावर आहेत. समोरचा माणूस कितीही ओळखीचा असो, त्याची सही जुन्या सहीशेजारी ठेवून, चष्मा कपाळावर सरकवून, डोळा अगदी कागदाला लावून बघितल्याशिवाय त्यांचा शिक्का उठत नाही. सख्ख्या दिराला त्यांनी एकदा खिडकीतून परत पाठवलं, सहीची शेपटी आखूड पडली म्हणून. तो दीर अजून त्यांच्याकडे चहा घेत नाही.

मी हे कौतुकानं सांगत नाहीये. माझं बसस्टँडजवळ स्टेशनरीचं दुकान आहे आणि प्रतिमाताई माझ्या मैत्रीण, त्यामुळे त्यांच्या संशयाचा रतीब मला रोजचा. तरी त्यांच्याशिवाय मला करमत नाही, हेही खरं.

त्यांचा मुलगा शंतनु पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याचा पत्त्यांचा डबा मागे राहिला. पत्ते म्हणजे रमीचे नव्हेत, 'रानयुद्ध' नावाच्या खेळाचे. पाकिटातून पत्ते विकत घ्यायचे, त्यातून आपला आपण डेक बांधायचा आणि दुसऱ्याच्या डेकशी भिडायचं. शंतनु फोनवर म्हणाला, भंगारात देऊन टाक. ताईंना तिथंही संशय आला, की ज्या पत्त्यांना याने आम्हाला हात लावू दिला नाही, ते आता भंगारात का? म्हणून त्यांनी डबा उघडला आणि स्वतःच त्यात अडकल्या. दर रविवारी दुपारी माझ्या दुकानात या खेळाचा अड्डा बसतो. कॉलेजची पोरं, एकदोन मास्तर, आणि त्यांच्यात पन्नाशीच्या प्रतिमाताई. पोरं आधी 'शंतनूची आई आली' म्हणून हसली. मग एकेक करून हरली आणि गप्प झाली.

ताईंचा डेक हत्तींचा. थोडा थोडा चारा साठवायचा आणि पुरेसा साठला की गजराज उतरवायचा. गजराज डेकमध्ये एकच असतो, पण तो उतरला की समोरच्यानं पत्ते आवरून घरी जावं. गेल्या खंडेनवमीला ताईंनी शिलाई मशीन आणि स्कूटीबरोबर हा डेकही पूजेला मांडला. मानाचा म्हणून गजराज सगळ्यात वर ठेवला, पण सगळे पत्ते पालथे. देवापुढे उघडे पत्ते ठेवले की जुगारासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मी हसले, तर म्हणाल्या, "हस तू. पण हत्यार हाय ते."

हे हत्यार एकाच माणसापुढे बोथट व्हायचं. संग्रामपूरच्या एका क्लासमध्ये गणित शिकवणारा प्रसेनजित रविवारी बसने यायचा. अंगानं किरकोळ, बोलायला कमी. त्याचा डेक टोळांचा. एकेक टोळ कवडीमोलाचा, पण ते सुरुवातीलाच धाड घालतात आणि चारा खाऊन टाकतात. चाराच नाही तर गजराज हातातल्या हातात सडतो. पोरांच्या भाषेत याला 'मॅचअप वाईट' म्हणतात. तुमचा डेक शंभरांना भारी असेल, पण त्या एका डेकपुढे त्याचं चालत नाही. दोष खेळणाऱ्याचा नसतो. हे सगळं दुकान ताईंना सांगून थकलं. ताई ऐकून घ्यायच्या आणि सगळे गेले की माझ्या कानाशी लागायच्या.

"सुवर्णा, पाणी कुठंतरी मुरून राह्यलं."

"अवो, टोळ हत्तीले भारी हाये, बस."

"तसं नाही. तो माह्याकडे पाह्यतच नाही. सरळ माणूस समोर पाहून खेळते. हा काऊन दाराकडे पाह्यते?"

यात मात्र तथ्य होतं. इतरांशी खेळताना प्रसेनजित मान खाली घालून टेबलाकडे बघायचा. ताई समोर आल्या की आपली चाल खेळायची आणि लगेच मान वळवून दाराबाहेर बघत बसायचं. दाराबाहेर बघण्यासारखं काय, तर कचरूची चहाची टपरी. ताईंनी दोन आणि दोन चार केले. कचरू खुणा करतो! त्यांनी कचरूला जाऊन विचारलंसुद्धा.

कचरू म्हणाला, "बाई, कोनाच्या चहात साखर नाही टाकायची तेच मले ध्यानात राह्यत नाही. तुमचे हत्ती कुठून ध्यानात ठिवू?"

पुढच्या रविवारी ताईंनी मला शटर अर्धं खाली ओढायला लावलं. त्या हरल्या. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांनी प्रसेनजितची खुर्ची भिंतीकडे फिरवली, तर तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसला. ताई पुन्हा हरल्या आणि मला म्हणाल्या, "तारखांवरून खुणा ठरवल्या असतीन." मी कपाळाला हात लावला. नाचता येईना अंगण वाकडं, असं तोंडावर म्हणावंसं वाटलं.

पण संशय सर्दीसारखा असतो, शेजारी बसणाऱ्याला लागतोच. मीही प्रसेनजितच्या बाह्यांकडे बघायला लागले. तो पेन घ्यायला काउंटरशी आला की पेनांचा डबा मी नकळत जवळ ओढायचे. एकदा त्याच्या ते लक्षात आलं. पुढचं पेन त्यानं दुसऱ्या दुकानातून घेतलं.

मग खामगावला जिल्ह्याची स्पर्धा लागली. जिंकणारा एकच, आणि तो नागपूरला खेळायला जाणार. बसमध्ये ताई खिडकीशी बसून मला म्हणाल्या, "नागपूरले मी गेली तं आमच्या यायच्या ऑपरेशनले गेली, नाही तं पोराच्या परीक्षेले. एकडाव माह्या नावानं जाईन." इतकं साधं मागणं होतं, की मला त्यांच्या सगळ्या संशयांसकट त्यांची माया आली.

मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. दुपारपर्यंत ताईंनी समोर येईल त्याला तुडवलं. दुसऱ्या बाजूनं प्रसेनजित जिंकत आला. शेवटचा सामना या दोघांचाच, हे फळ्यावर लागलं आणि ताईंचा चेहरा उतरला.  त्या उठल्या आणि तडक पंचांच्या टेबलाकडे निघाल्या. पंच म्हणजे अकोल्याची स्वरदा नावाची तरतरीत मुलगी.

"याच्याबद्दल तक्रार करायची हाय. हा लबाडी करते."

स्वरदा शांतपणे म्हणाली, "तक्रार नोंदवली की मी दोघांचेही पत्ते एकेक करून तपासणार. ज्याच्या पत्त्यावर खूण सापडेल तो बाद, आणि वर्षभर बंदी. चालेल?"

"चालंन की. माह्याजवळ लपवण्यासारखं काय हाय?"

मागून प्रसेनजितचा आवाज आला. "काकू, तक्रार करू नका."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ताईंनी माझ्याकडे विजयी नजरेनं बघितलं. "काऊन रे? आता पोटात गोळा आला काय?"

"तसं नाही. जरा बाहेर या. सुवर्णाताई, तुम्हीपण या."

व्हरांड्यात ऊन तिरपं पडलं होतं. चोराच्या मनात चांदणं, असं मनात म्हणतच मी त्यांच्यामागे गेले. प्रसेनजितनं आजूबाजूला कोणी नाही असं बघून आवाज खाली आणला.

"काकू, तुमच्या गजराजाच्या पाठीवर कुंकू हाय."

ताईंनी डब्यातून गजराज काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पत्ता उन्हात तिरका धरला. पत्ते खराब होऊ नयेत म्हणून प्रत्येकाला काळ्या प्लास्टिकचं कव्हर असतं, त्यावर फिकट लालसर, तेलकट डाग होता. बोटाच्या पेराएवढा. पूजेच्या दिवशीचा. दुसऱ्यांच्या सह्यांवर डोळे झिजवणाऱ्या बाईनं स्वतःच्या बोटाचा ठसा ओळखला.

"पुसलं होतं म्या," त्या पुटपुटल्या.

"पुसलं, पन डाग राह्यला. गजराज तुमच्या हाती आला का समोरच्याले दिसते."

"म्हंजे तू पाहून खेळत होता!"

"पाह्यचं नव्हतं म्हणून तं दाराकडे तोंड करत होतो. तुम्ही भिंतीकडे बसवलं, तं कॅलेंडर पाह्यलं."

 मीच चिडून विचारलं, कारण शरमेपेक्षा चिडणं सोपं असतं. "मंग इतके दिवस सांगतलं काऊन नाही?"

"पूजेचं कुंकू होतं, ताई. आमच्या घरी पूजा नाही, बाबासाहेबांचा फोटो हाय, हे तुमच्या दुकानात सगळ्यायले माहीत हाय. मी म्हटलं असतं का कुंकू काढा, तं लोकायनं काय समजलं असतं?"

मला पेनांचा डबा आठवला. प्रसेनजित आज नुसता गप्प बसला असता, तर ताई स्वतःच्या तक्रारीनं बाद झाल्या असत्या आणि नागपूर आयतं त्याच्या पदरात पडलं असतं.

ताई तडक आत गेल्या. स्वरदापुढे गजराज पालथा ठेवून म्हणाल्या, "तक्रार नाही. पन माह्या पत्त्यावर डाग हाय, कव्हर बदलायची हायेत." स्वरदानं प्रसेनजितकडे बघितलं. त्याची हरकत नव्हती. माझ्या पिशवीत नव्या कव्हरांचं पाकीट होतं. ताई आणि मी कव्हरं बदलत होतो तेवढा वेळ तो सवयीनं पाठ करून उभा राहिला. 

सामना तीन डावांचा. पहिल्या डावाला प्रसेनजितनं पहिल्यांदाच सरळ ताईंसमोर बघितलं. दार नाही, कॅलेंडर नाही, कोरी कव्हरं, आणि टोळांनी सगळा चारा फस्त केला. ताई सपाटून हरल्या.

"म्हंजे खरंच मॅचअपच वाईट हाय!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. आजूबाजूचे हसले. ताई हसल्या नाहीत. लबाडीच शोधत राहिल्यामुळे त्यांनी आपल्या डेककडे कधी बघितलंच नव्हतं.

दोन डावांच्या मध्ये राखीव पत्ते बदलता येतात. ताईंच्या राखीव पत्त्यांत साळुंक्या होत्या. किरकोळ पाखरं, चारा न लागणारी, बाकी कुठल्याही डेकपुढे कुचकामी. पण साळुंकी टोळ खाते. जागा करायची तर काहीतरी काढायला हवं होतं. ताईंनी डेकमधून आधी गजराज काढला. हात थोडा थांबला, मग त्यांनी तो डब्यात पालथा ठेवला.

दुसरा डाव त्यांनी घेतला. तिसरा रखडला. टोळ येत होते, साळुंक्या टिपत होत्या, पाखरंही मरत होती. प्रसेनजितच्या कपाळावर घाम आला. शेवटी टेबलावर एकही टोळ उरला नाही आणि ताईंचा एक साधा, लहान हत्ती पुढे सरकला. गजराज नाही, गाजावाजा नाही. नागपूर ताईंचं झालं.

लोक टाळ्या वाजवत होते. ताई मात्र प्रसेनजितकडे रोखून बघत होत्या. ती नजर मी ओळखते.

"खरं सांग. मुद्दाम तं नाही हरला?"

मला वाटलं, आता जमिनीनं पोटात घ्यावं. प्रसेनजित रागावला नाही. हातात उरलेले पत्ते त्यानं पालथेच त्यांच्यापुढे सरकवले.

"शंका असंन तं पाहून घ्या, काकू. जिंकायसारखं काही होतं का नव्हतं, तुम्हाले समजंन."

ताईंचा हात चष्म्याकडे गेला. चष्मा कपाळावर सरकलाही. मग त्यांनी तो खाली ओढला, प्रसेनजितचे पत्ते न उलटता गोळा केले, नीट एकावर एक लावले आणि त्याच्या हातात परत दिले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चाल, बस सुटंन."