स्टीलच्या पेल्यातली सोआवे

आबा आले आणि मी स्टीलच्या पेल्यातून वाइन प्यायला लागले. चाळिशी उलटलेली बाई, स्वतःच्या घरात, स्वतःच्या कमाईची वाइन, आणि पेला असा धरायचा की बघणाऱ्याला लिंबूपाणी वाटावं! आबा म्हणजे माझे वडील. उन्हाळ्यापुरते आमच्याकडे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला आले होते. ते यायच्या आधी नवऱ्याने काचेचे ग्लास आणि उरलेल्या बाटल्या गॅरेजमध्ये, थंडीच्या जॅकेटांच्या खोक्यात दडवल्या. नवरा नागपूरचा, शहरात वाढलेला, त्याला या लपवाछपवीची मजा वाटत होती. मला अजिबात वाटत नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं आबांनी नुसता फ्रिज उघडला तरी मी हातातलं काम टाकून बघायला जायचे.

आणि वाइन तरी कुठली, तर सोआवे. इटलीत व्हेरोनाच्या पूर्वेला टेकड्या आहेत, तिथली ही पांढरी वाइन, गोडीचा लवलेश नसलेली. पहिल्यांदा प्यायले तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. घोट गेल्यावर मागे कडू बदामासारखी चव राहते. पुढे मला तीच आवडायला लागली. मागच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही मुद्दाम तिकडे गेलो, आणि गाडीतून उतरल्यावर मी जागच्या जागी थबकले. खाली ज्वालामुखीतून आलेला काळा दगड, वर द्राक्षांचा मांडव. थेट आमच्या तासगावकडचा! वेल लाकडी आडव्या दांड्यांवर पसरलेले, खाली गार्गानेगा जातीचे लांबुडके घड लोंबत होते. बहुतेक द्राक्षांची ही कोरडी, बिनगोडीची वाइन करतात. थोडे निवडक घड मात्र हवेशीर माळ्यावर रॅकमध्ये सुकायला ठेवतात आणि मग त्यांची गोड वाइन होते. त्या रॅक बघून मला आमची बेदाण्याची शेड आठवली. मी ढीगभर फोटो काढले. आबांना एकही पाठवला नाही. पाठवला असता तर तिथे कशाला गेली होतीस, हेही सांगावं लागलं असतं.

आबांचा जन्म द्राक्षाच्या मांडवाखाली गेला. आई गेल्यापासून ते एकटेच. मी त्यांची एकुलती एक, आणि मी इथे. बाग म्हातारी झाली होती. ती काढून नवी लावायची, की रान मोकळं करून माझ्या चुलतभावाला उसाला द्यायचं, हे त्यांना दसऱ्याच्या आत ठरवायचं होतं. नवी बाग लावायची तर पुढे कोण बघणार, एवढाच त्यांचा प्रश्न. पाच वर्षांनी येईन, दहा वर्षांनी येईन, काहीतरी मी म्हणावं, म्हणजे ते लावणार होते. हे विचारायलाच ते या वयात विमानात बसले होते. मला ते पक्कं माहीत होतं, म्हणून तर मी त्यांना बोलूच देत नव्हते. आज ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे आबा, आज ऑन-कॉल आहे, वीकेंडला निवांत बसू. वीकेंड आला की त्यांना गाडीत घालून कुठलं तरी म्युझियम दाखवायला न्यायचे. बिचारे निमूट बघायचे.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी पेला भरून ओट्यावर ठेवला आणि तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला म्हणून आतल्या खोलीत गेले. आबा फिरून घामाघूम होऊन आले. समोर गार पेला, बाहेरून थेंब जमलेले. आबा कधीही पेला ओठाला लावत नाहीत, वरून पितात. त्यामुळे जिभेला कळेपर्यंत निम्मा पेला पोटात गेलासुद्धा. ठसका ऐकून मी कॉल तसाच सोडून धावले.

या माणसाने उभ्या जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. आता घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. घेतलं असतं तर बरं झालं असतं, मलाही उलट बोलता आलं असतं. पण त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, तोंडात जीभ फिरवली आणि म्हणाले, "द्राक्षच हाय हे. गोडी कुठं गेली?"

मग मी सगळं सांगितलं. साखरेचीच दारू होते, म्हणून गोडी उरत नाही. दर शुक्रवारी पिते. हो, बरीच वर्षं. लाजेने माझे कान तापले होते. काय करावं सुचेना म्हणून मी त्यांना फोनमधले फोटो दाखवायला बसले. आबा चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून बघत राहिले. मांडव किती उंच आहे, छाटणी कधी करतात, पाऊस आला की वेलांवर डावणीची बुरशी पडते का, असं विचारत होते. निम्म्याची उत्तरं मला येत नव्हती. एका फोटोत बागेचा म्हातारा मालक होता आणि शेजारी कात्री घेतलेली एक बाई. ही कोण, म्हणून त्यांनी विचारलं. त्यांची मुलगी, मी म्हणाले, आता बाग तीच बघते. आबांनी तो फोटो बराच वेळ पुढे सरकवला नाही.

नंतर ते म्हणाले की वाइनच्या कारखान्याचा माणूस आपल्याकडेही आला होता, दोनदा आला होता, वाइनसाठी बागेतली सगळी द्राक्षं मागत होता. मी विचारलं, मग दिली का नाहीत?

"तुझी सोयरीक बघत होतो. दारूवाल्याची पोरगी म्हणाया नको कुणी."

त्यात टोमणा नव्हता. मुलीचा बाप जे करतो ते त्यांनी केलं होतं. मला मात्र त्या पेल्याकडे बघवेना. आता बोल, आत्ताच बोल, असं मी स्वतःला बजावत होते, आणि मी उठून कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी आबांनी गावाकडे फोन लावला. स्पीकर चालू होता. बाग काढून टाक, ऊस लाव, असं त्यांनी चुलतभावाला सांगितलं. तो बिचारा गडबडला. ताईला विचारलंत का, म्हणाला.

"तिची लई इच्छा होती ठेवायची," आबा म्हणाले. "येते म्हणत होती. मीच नको म्हटलं."

गावात माझ्या नावाला बोल लागू नये म्हणून ते माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता खोटं बोलले. मी चहाचं भांडं हातात घेऊन उभी होते. नाही रे, मी काहीच म्हणाले नव्हते, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही. रडू आलं ते नंतर. त्या घडीला, खरं सांगते, सुटले एकदाची, असंच वाटलं मला.