नऊ सहा आणि नऊ तेराच्या मधे

सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी टॅप्सेल नावाचा माणूस स्टुडिओच्या पत्र्याच्या छपरावर पालथा पडला होता आणि खाली काचेच्या खोलीत ध्वनिमुद्रक रिजवेल हेडफोन चढवत होता.

थेम्सकाठचा हा स्टुडिओ रेल्वेच्या भिंतीला खेटून. चित्रपट बोलू लागल्यापासून रेल्वे इथली वैरीण झाली होती. गाडीची चाहूल लागली की टॅप्सेल दोरी ओढी, खाली लाल दिवा लागे आणि कॅमेरा थांबे.

एकोणीसशे बत्तीसचा नोव्हेंबर. खुनाचा बोलपट दहा दिवसांत संपवायचा होता आणि आज दहावा दिवस. एकच प्रसंग उरला होता: बँकेतला कारकून इन्स्पेक्टरपुढे खून कबूल करतो. चार मिनिटं, एका दमात. फिल्मचा डबाही एकच.

"तुझ्या पत्र्यावरच्या कावळ्याने काल दोनदा उगाच काव केलं," दिग्दर्शक क्रॉक्सली रिजवेलला म्हणाला.

"दोन्ही वेळा गाडी आली, साहेब."

"अर्ध्या मिनिटाने आली. तेवढ्यात माझं वाक्य झालं असतं. आज चुकला तर दुपारी घरी पाठवतो."

नऊ सहाची गेली. पुढची नऊ तेराला. कारकून झालेला गारसाइड बोलू लागला. म्हातारा नाटकवाला, पण आज आवाज असा लागला होता की सुतारांनीही हातोडे खाली ठेवले.

तिसऱ्या मिनिटाला रिजवेलच्या कानात खोलवर घरघर सुरू झाली. वेळापत्रकात नसलेली गाडी. त्याने दिव्याकडे पाहिलं. विझलेलाच. घरघर वाढली. बंद करायचं बटण त्याच्या बोटाखाली होतं. पत्र्यावरचा माणूस बावीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये होता, एवढंच त्याला आठवलं. त्याने बोट उचललं.

घरघर मंदावली. थांबली. गारसाइडने शेवटचं वाक्य म्हटलं, क्रॉक्सलीने हात खाली केला आणि मग नऊ तेराची धडधडत गेली.

रिजवेल शिडीने वर गेला. टॅप्सेल तसाच पालथा होता, तळहात पन्हळीच्या लोखंडी नळावर. रिजवेलने उजवीकडून हाक मारली. उत्तर नाही. तो डावीकडे गेला.

"काय होतं ते?"

"कोळशाची मालगाडी. पंचेचाळीस वाघिणी. वळणापलीकडे उभ्यात."

"मग दोरी का नाही ओढलीस?"

"सिग्नलचा हात आडवा आहे, बघा. नऊ तेरा येणार म्हटल्यावर कोळशाला तिथंच रोखतात. मीच रोखायचो."

"आणि तुझा उजवा कान?"

"तो फ्रान्सच्या लढाईतच राहिला, साहेब. हाताला कळतं. नळ खाली रेल्वेच्या भिंतीत गेलाय." त्याने मान वळवली. "क्रॉक्सलीसाहेबांना सांगणार?"

रिजवेलने गुडघे टेकून नळावर हात ठेवला. गार लोखंड, बाकी काही नाही.

"थांबा. आता सोडतील."

सिग्नलचा हात कलला. रिजवेलच्या धडधाकट कानांना काहीच ऐकू आलं नाही. तळव्याला मात्र बारीक ठोका लागला. मग दुसरा. एकेका वाघिणीची साखळी ताणली जात होती. तो मोजत राहिला. अठ्ठावीस झाले तेव्हा कुठे घरघर कानावर आली. ओल्या पत्र्यावर विजार गुडघ्याशी भिजली होती. शेवटचा ठोका पंचेचाळिसावा होता. त्यानंतरही त्याने हात काढला नाही.

"कावळा झोपला होता काय रे?" खाली क्रॉक्सलीने विचारलं.

"नाही, साहेब. या इमारतीत त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. मलाही नाही."

उद्या नवा बोलपट सुरू होतो, विषप्रयोगाचा. पहिली गाडी सात चौदाला. दारावरच्या कामवाटपाच्या फलकावर 'पत्रा' या शब्दापुढे लिहिलंय: टॅप्सेल, सात वाजता.