कोरडं फूल

खंडेनवमी जवळ आली म्हणून माझा मुलगा मिलिंद संगणकाचं झाकण काढून, रंगाच्या ब्रशने पंख्यावरची धूळ झाडत होता. शेजारी त्याचा शाळेपासूनचा मित्र सुधीर. दोघांच्याही कानांवरचे केस पिकलेत, पण वाद तेच: कुठला गेम कुठल्या ग्राफिक्स कार्डावर अडखळतो.

"तू काय सांगतोस! पहिला मॉनिटर गेम खेळून खेळून जाळलास," सुधीर म्हणाला.

"आणि बाबांचा मार खाल्ला," मिलिंद हसला.

हा विनोद मी कित्येक वर्षं ऐकतो आहे. आज राहवलं नाही.

"तो गेमने नाही जळला," मी म्हणालो. "मी खंडेनवमीची पूजा करताना फुलाने पाणी शिंपडलं, ते वरच्या जाळीतून आत गेलं. मला तेव्हाच कळलं होतं. तरी तुला मारलं."

सुधीर पुढे सरकला.

"काका, पाणी फिल्टरचं की नळाचं?"

"नळाचं."

"मग बरोबर! शुद्ध पाण्यातून वीज जात नाही."

झालं, सुधीर सुटला. यंत्र का बिघडलं, हे शोधण्यात या मंडळींना केवढा आनंद! माणूस का बिघडला, हे कुणी विचारतच नाही. मी चिडून तिथेच उभा राहिलो. एक कठोर शब्द तरी पदरात पडावा, एवढीच अपेक्षा होती.

मिलिंदने शेवटचा स्क्रू आवळला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बाबा, यंदा फूल कोरडंच वाहा."

सुधीर खो खो हसला. मिलिंद हसला नाही.