दोन भाषांतलं संमतीपत्र

डिसेंबर २००८ मधल्या एका मंगळवारी सकाळी उल्का दांडेकरनं एक पीडीएफ उघडली. तिच्यातली दोन पानं एकमेकांशी जुळत नव्हती.

उल्का मूळची पुण्याची. बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी. करून जर्मनीत आली. पाच वर्षं प्रयोगशाळेत काढल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला प्रयोगांपेक्षा प्रयोग करणाऱ्या माणसांची मोट बांधणं जास्त जमतं. स्टुटगार्टहून रेल्वेनं तासाभरावर असलेल्या एका विद्यापीठात तिला तशीच नोकरी मिळाली. अनेक देशांतल्या संस्था एकत्र येऊन आरोग्य-संशोधनासाठी युरोपियन युनियनकडे निधी मागतात; त्या सगळ्यांचा अर्ज जुळवायचा. या वेळी विषय होता लहान मुलांचा मधुमेह. नऊ देश, तेरा संस्था. कुणाची सही राहिलेली, कुणी तीन पानं सांगितली तर अकरा पाठवलेली, आणि फिनलंडचे डॉक्टर कितीही लांब मेलला एका शब्दात उत्तर देणारे. उल्का सगळ्यांच्या मागे लागायची.

अर्ज गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत वेबसाइटवर चढवायचा होता. पाच वाजून एक मिनिटानं दार बंद.

ती पीडीएफ महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयाची होती. तिथल्या सहाशे चाळीस मुलांच्या रक्ताच्या नमुन्यांवर अर्जाचा अर्धा डोलारा उभा होता. हे रुग्णालय उल्कानंच आणलं होतं. तिथल्या प्रयोगशाळेचा प्रमुख सिद्धेश गोकर्ण हा तिचा एमएस्सीचा वर्गमित्र. पालकांच्या संमतीपत्राचं इंग्रजी पान व्यवस्थित होतं : नमुने परदेशी पाठवायला आणि त्यांवर जनुकीय संशोधन करायला आमची संमती आहे. मागचं मूळ मराठी पान मात्र एवढंच म्हणत होतं : ‘माझ्या मुलाच्या/मुलीच्या रक्तातील साखर तपासण्यासाठी रक्त घेण्यास माझी हरकत नाही.’ खाली निळ्या शाईतला अंगठा, शेजारी कुणीतरी लिहिलेलं ‘आई’.

उल्कानं ते तीनदा वाचलं. मग उठून खोलीचं दार लावलं. त्या इमारतीत मराठी वाचणारी ती एकटीच होती. ती गप्प बसली तर हे कधीच कुणाला कळणार नव्हतं.

तिनं सिद्धेशला फोन लावला.

“अगं, ते जुने फॉर्म आहेत,” तो म्हणाला. “साखर तपासायलाच घेतलं होतं रक्त. नंतर वाटलं, संशोधनात वापरू. इंग्रजी नीट करून घेतलं ना आम्ही.”

“इंग्रजीवर त्या बायकांचे अंगठे नाहीत, सिद्धेश.”

“तिकडे कोण मराठी वाचणार आहे?”

“मी वाचतेय.”

तो आवाज बदलून म्हणाला, “ऑगस्टमध्ये हेच पाठवलं होतं मी तुला. ‘छान आहे, पुढे जाऊ’ असं उत्तर दिलंयस तू. मेल आहे माझ्याकडे. आता बोंब मारशील तर तोंडघशी तूच पडशील.”

उल्कानं जुनी मेल शोधली. खरंच होतं. तेव्हा तिनं इंग्रजी पान पाहिलं होतं आणि मराठी पान उघडलंच नव्हतं.

संध्याकाळी परतीच्या गाडीत तिला कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं सारखं वाटत होतं. घरी आल्यावर सात वर्षांच्या लेकीनं, ऊर्जानं, तिच्याकडे पाहून विचारलं, “ममा, वास हास्ट डू?” आई, काय झालंय तुला? उल्कानं ‘काही नाही गं’ म्हणून तिला जवळ घेतलं.

नवऱ्याला, चारुदत्तला, तिनं सगळं सांगितलं. तो एका सुट्या भागांच्या कंपनीत कंत्राटावर इंजिनियर होता. मंदीत कंपनीनं कंत्राटं थांबवली होती आणि त्याचं तीस डिसेंबरला संपत होतं. त्यामुळे तिघांचा व्हिसा आता उल्काच्या नोकरीवर होता, आणि तिचा करारही जूनमध्ये संपणार होता. हा प्रकल्प मिळाला तरच तो पुढे वाढणार होता.

चारुदत्त बराच वेळ टेबलावरचा एकच डाग पुसत राहिला.

“मी तुला गप्प बस म्हणणार नाही,” तो शेवटी म्हणाला. “पण मला भीती वाटतेय, उल्का. खूप.”

“मलाही.”

बुधवारी सकाळी आठ वाजता ती प्रोफेसर हाल्बाखच्या खोलीबाहेर उभी होती. हाल्बाख साठीचे, अर्जाचे प्रमुख. त्यांना कुणी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. नाराज झाले की ते नुसते चष्मा काढून समोरच्याकडे बघत बसत, आणि तेवढ्यानंच भलेभले गडबडत. उल्काला तर त्यांच्यासमोर जर्मन व्याकरणही आठवेनासं व्हायचं.

तिनं दोन्ही पानं त्यांच्यापुढे ठेवली आणि मराठी पानाचा अर्थ सांगितला.

त्यांनी चष्मा काढला. “दुसरं कुणी हे वाचू शकतं?”

नेमका हाच प्रश्न तिला नको होता. “इथे नाही,” ती म्हणाली. मग तिनं उरलेलंही सांगून टाकलं. “आणि हे माझ्याकडे ऑगस्टमध्येच आलं होतं. मी न वाचता होकार दिला.”

हाल्बाखनी पान उलटून त्या अंगठ्याकडे पाहिलं.

“ऑगस्टचं तुम्ही मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं,” ते म्हणाले.

“हो.”

“त्याबद्दल आपण नंतर बोलू. आधी एकेक ओळ जर्मनमध्ये सांगा. मी लिहून घेतो.”

ते ‘नंतर’ तिच्या मनात अडकून बसलं. सगळं लिहून झाल्यावर हाल्बाखनी स्वतः सिद्धेशच्या रुग्णालयाला कळवलं, की हे नमुने अर्जात नसतील आणि तुमच्या एथिक्स कमिटीला आम्ही पत्र पाठवतो आहोत. तासाभरात सिद्धेशचा उल्काला एका ओळीचा मेसेज आला : ‘माझं करिअर संपवलंस.’

मग दोन दिवस अर्ज मोडून पुन्हा जोडण्यात गेले. सहाशे चाळीस मुलं वगळली, की प्रत्येक तक्ता, प्रत्येक आकडा बदलायचा. इटलीच्या संस्थेतल्या बाईंना फोन, फिनलंडच्या डॉक्टरांना मेल. त्यांचं उत्तर आलं, ‘ओके.’ गुरुवारी पावणेपाचला उल्का फाइल चढवत होती आणि वेबसाइट पुढे सरकत नव्हती. चार अठ्ठेचाळीस. चार त्रेपन्न. हाल्बाख तिच्या खुर्चीमागे न बोलता उभे होते. हे माझ्यामुळे, सगळं माझ्यामुळे, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं. चार अठ्ठावन्नला पडद्यावर पोच उमटली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उल्कानं पोच छापून फाइलीत लावली.

मे महिन्यात निकाल आला. प्रकल्प प्रतीक्षायादीत होता, आणि जुलैत तिथूनही गळाला. परीक्षकांनी एक दोष स्पष्ट लिहिला होता : नमुन्यांची संख्या अपुरी. हाल्बाखनी बैठकीत ते वाक्य मोठ्यानं वाचलं. तेव्हा उल्का खाली मान घालून वहीच्या पानांच्या कडा दुमडत होती. ते तिला दोष देतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी फक्त पुढचं वाक्य वाचलं. ऑगस्टचा विषय त्यांनी पुन्हा कधीच काढला नाही, आणि त्यामुळे तो कधी निघेल ही धास्ती तिच्या मनातून गेली नाही.

प्रतीक्षायादीच्या निकालाची वाट पाहता यावी म्हणून त्यांनी जूनमध्ये तिचा करार चार महिने वाढवून दिला होता. चारुदत्तला काम मिळत नव्हतं. व्हिसाच्या ऑफिसात नंबराची चिठ्ठी हातात धरून दोघं बसले. खिडकीमागची बाई म्हणाली, “म्हणजे ऑक्टोबरपर्यंत ठीक. आणि त्यानंतर?”

त्याच दिवसांत एकदा भारतातून फोन आला. साधना नावाच्या समाजसेविका बोलत होत्या. रुग्णालयाच्या कमिटीनं नमुन्यांचे खोके सीलबंद केले होते आणि त्या घरोघर जाऊन पालकांना पुन्हा विचारत होत्या.

“ताई, जनुकीय म्हणजे काय, हे बायकांना कसं सांगू? तुमचं नाव पत्रात होतं, म्हणून विचारते.”

दोघींनी मिळून चार सोपी वाक्यं केली. फोन ठेवता ठेवता साधनाताई म्हणाल्या, “निम्म्या लोकांनी नाही म्हटलं. एक बाई फार रागावली. म्हणाली, आधी मला का नाही विचारलं?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? तिच्या घरी चहा घ्यायचीसुद्धा लाज वाटली मला.”

सिद्धेश पुन्हा कधी बोलला नाही. उल्कानं दिवाळीला पाठवलेल्या मेलचंही उत्तर आलं नाही.

त्याआधी सप्टेंबरच्या शेवटी देशाच्या पार पूर्वेकडे, ड्रेस्डेनमधल्या एका संशोधन-संघात तिची निवड झाली होती. तिथे येणारी सगळी संमतीपत्रं तपासायचं काम. मुलाखतीत तिनं ऑगस्टची गोष्टही सांगितली होती. त्यांनी तिला घेतलं. चारुदत्तला पुढच्या वसंतात स्टुटगार्टमध्येच कंत्राट मिळालं, तेव्हा तो तिकडे आणि मायलेकी इकडे, असं सुरू झालं. उल्काचा ड्रेस्डेनमधला करार दोन वर्षांचा होता. तिथल्या पहिल्याच आठवड्यात तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्या संपण्याची तारीख लिहायला पेन उचललं, आणि ऊर्जा बघतेय हे दिसताच पेन खाली ठेवलं.